शिळं पाणी

सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी शहाणी माणसं झोपतात. उरलेली झोपल्याचं सोंग घेतात. मी त्या दिवशी माळा आवरायला चढलो, हा दोष माझाच. खाली पंखा गरम हवा ढवळत होता, वर पत्र्याखाली तर भट्टीच. पितळेचा बंब निघाला, काच फुटलेला कंदील निघाला, पोराची तीनचाकी निघाली, आणि मग एका सेकंड मालाच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड हाताला लागलं. सोडून बघितलं तर जुन्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क. ४० जीबी. वर चिकटपट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, ‘टाकू नये’.

आता असं लिहिलेली वस्तू टाकायची तरी कशी?

पुण्याहून आलेलं आमचं पोरगं मागे एक वायर विसरून गेलं होतं, जुन्या डिस्क यूएसबीला जोडायची. जोडली. डिस्क आधी घरघरली, मग टकटक केली आणि चक्क फिरायला लागली. आत कारखान्याचे हिशेब (मी चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहायचो, अक्कलकोट रोडला), दिवाळीचे फोटो, आणि ‘आयडेंटिटीज’ नावाच्या फोल्डरात, महिरपी कंसातल्या लांबलचक आकड्यांच्या आड, आउटलुक एक्सप्रेस या जुन्या ईमेल प्रोग्रॅमच्या फायली. इनबॉक्स डॉट डीबीएक्स, सेंट आयटम्स डॉट डीबीएक्स. ज्यांनी विंडोज एक्सपीवर दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायला नको. त्या प्रोग्रॅमच्या लेखी माझं नाव ‘मेन आयडेंटिटी’ होतं. एवढ्या मानानं घरात मला कुणी हाक मारलेली नाही.

डीबीएक्स फाइल नोटपॅडात उघडली तर मांजरानं लडी विस्कटल्यासारखं दिसलं. पोराला फोन लावला.

‘पप्पा, ऐन दुपारचं काय करायलाव? कन्व्हर्टर मिळतात की ऑनलाइन. अपलोड करा, सगळं क्लाउडवर जातंय. आपल्याकडे कशाला ठेवायचं?’

आपल्याकडे कशाला ठेवायचं! सोलापुरात वाढलेल्या पोरानं हे विचारावं याचं मला खरंच वाईट वाटलं. चार-पाच दिवसांआड नळ येणारं हे गाव. आमच्या घरात हौद आहे, दोनशे लिटरचे तीन पिंप आहेत, गच्चीवर टाकी आहे, शिवाय हंडे, कळश्या, पातेली आणि कोल्ड्रिंकच्या धुऊन ठेवलेल्या बाटल्या. उजनी धरणात पाणी भरपूर आहे हे पेपरात वाचून कोणी पिंप रिकामा ठेवत नाही. नळावर भरवसा ठेवून बसणारा माणूस सोलापूरचा नव्हेच.

आणि आउटलुक एक्सप्रेस अगदी आमच्या घरातलंच होतं. ते पॉप नावाच्या पद्धतीनं पत्रं आणायचं. सर्व्हरवरची पत्रं आपल्या डिस्कवर ओढून घ्यायची आणि तिकडची पुसून टाकायची, ही त्याची मूळ रीत. ‘सेंड-रिसीव्ह’ दाबायचं, आपण होऊन जाऊन भरून आणायचं. एकदा भरलं की ते आपलं. मग लाइन जाऊ दे, बिल थकू दे, पत्र घरात आहे. आताचं सगळं आयमॅपचं. पत्र तिकडेच राहणार, तुम्ही फक्त नळाला तोंड लावून प्यायचं. तोटी कुणाच्या हातात आहे हे विचारायचं नाही.

तर मी ठरवलं, पत्रं वाचायची तर त्याच घरात बसून वाचायची.

माझ्या कॉम्प्युटरवर विंडोज सेव्हन आहे. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. त्यात आउटलुक एक्सप्रेस नाही. ते एक्सपीपर्यंतच. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टात त्याचंच बारसं करून ‘विंडोज मेल’ म्हणून आणलं होतं, आणि २००९ मध्ये सेव्हन आली तेव्हा तेही बंद झालं. गंमत अशी, की बंद झालं तरी ते गेलेलं नाही. प्रोग्रॅम फाइल्समध्ये विंडोज मेलचं फोल्डर लपवून ठेवलेलं आहे, आत विनमेल नावाची फाइल आहे, पण क्लिक केलं तर ढिम्म हलत नाही. आमच्याकडच्या बंद गिरण्यांसारखं. गेट आहे, गेटवर नाव आहे, वॉचमनसुद्धा आहे, फक्त भोंगा होत नाही.

नव्या पेठेत माझा एक मित्र कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्याला विचारलं तर तो आधी पोट धरून हसला. ‘काय बे, मेलेल्याला उठवून बसवायलास काय?’ पण गडी कामाचा. म्हणाला, गोम एकाच फायलीत आहे, एमएसओई डॉट डीएलएल. सेव्हनमधली ती फाइल दात काढलेली आहे. व्हिस्टामधली तीच फाइल आणून तिच्या जागी ठेवली की यंत्र चालू. त्याच्या दुकानात व्हिस्टाचा एक लॅपटॉप वजनकाट्याखाली टेकू म्हणून ठेवलेला होता. तो काढला, झटकला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली. घरी आणून बघतो तर चालेना. फाइल ३२ बिटची आणि माझी विंडोज ६४ बिटची. माग डबलचा आणि फणी सिंगलची. पुन्हा उन्हातून नवी पेठ. ६४ वाली मिळायला दोन दिवस गेले, ते सोडून देतो.

त्याहून मोठा घोळ पुढे होता. जुनी फाइल हलवायला गेलो तर मशीन म्हणालं, परवानगी नाही. मी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, मशीन माझ्या पैशानं आणलंय, टेबलसुद्धा माझं. तरी मालक वेगळाच निघाला, ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ नावाचा. त्याच्याकडून मालकी आपल्या नावावर करून घ्यायची, मग स्वतःला परवानगी द्यायची, मग फायलीचं नाव बदलायचं, मग नवी तिथं ठेवायची. सातबारा उताऱ्यावर नाव चढवण्याचा अनुभव असल्यामुळे मी खचलो नाही. मित्रानं एवढंच बजावलं होतं, की पूर्वी असं केलेलं एखादं अपडेट येऊन परत पुसून टाकायचं. पण सेव्हनचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला संपले, ऐन गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत. इकडे होम मैदानावर पाळणे फिरत होते आणि तिकडे माझ्या मशीनकडे बघणारं कुणी राहिलं नाही. सगळे म्हणत होते आता धोका आहे, आता बदला. असेल धोका. मी ते मशीन नेटला जोडतच नाही, आणि त्या दिवशी तर कुणी बघत नाही हेच माझ्या पथ्यावर पडलं.

विनमेलवर क्लिक केलं. उघडलं.

माझ्या आनंदात सहभागी व्हायला घरात कुणी जागं नव्हतं.

पत्रं आत घ्यायला थोडा वेळ लागणार होता. फाइल, इम्पोर्ट, मेसेजेस, आउटलुक एक्सप्रेस ६. हिरवी पट्टी सरकत होती, डिस्क घरघरत होती. आणि मला अक्का आठवली.

अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी आमच्या बोळात नळ रात्री यायचा, दोनला की चारला ते नळालाच माहीत. वडील मागावर, आई दिवसभर विड्या वळून थकलेली, त्यामुळे पाणी भरायचं खातं अक्काकडे आणि तिच्या हाताखाली मी. तोटी उघडीच ठेवलेली असायची. पाणी यायच्या आधी नळ श्वास सोडायचा. आधी फुस्स, मग खर्र, मग एक मोठा खोकला, आणि मग गढूळ धार. तो पहिला श्वास अक्काला झोपेत ऐकू यायचा. ‘ऊठ रे, आला!’ गढूळ पाणी जाऊ द्यायचं, मग कळशी लावायची. भरलेली कळशी माझ्याच्यानं उचलायची नाही, मी अर्धी न्यायचो आणि अर्धी सांडायचो. अक्का कधी ओरडली नाही. आई मात्र उठली की सांगायची, आधी पिंपातलं जुनं ओता, शिळं झालं ते. चार दिवसांपूर्वी आम्ही डोळे चोळत भरलेलं पाणी असं मोरीत जायचं तेव्हा मला रडू यायचं.

बहुधा तेव्हापासूनच मला काही ओतून द्यायला जमत नाही. आउटलुक एक्सप्रेस शंभरदा बंद केलं की विचारायचं, फायली आवळून जागा मोकळी करू का? मी दरवेळी नको म्हटलं. असं न आवळता ठेवलं आणि फाइल दोन जीबीला टेकली की ती बिघडते, हे मला फार उशिरा कळलं. पण दोन जीबी भरण्याइतकी पत्रं मला कोण लिहिणार होतं?

अक्का लग्न होऊन मस्कतला गेली. पुढे आमच्याकडे मोडेम आला तेव्हा ती माहेरपणाला आली होती. मी मोठ्या ऐटीत नेट लावलं. मोडेमनं फुस्स केलं, खर्र केलं, किंचाळला. अक्का आतून पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, ‘नळ यायलाय की रे!’

पट्टी भरली. सगळी मिळून १,१२६ पत्रं. गिऱ्हाइकांची ‘लाल जरा फिका धरा’ छापाची, ‘हे दहा जणांना पाठवा नाहीतर’ असल्या धमक्यांची, आणि अक्काची. अक्का रोमन लिपीत मराठी लिहायची, त्यामुळे ‘काल’ कुठला आणि ‘काळ’ कुठला हे अंदाजानं ठरवावं लागायचं. वाचत बसलो. घाम कानामागून ओघळत होता, तरी वाचत बसलो.

आणि मग आउटबॉक्स दिसला. त्यात एक पत्र होतं.

आउटबॉक्स म्हणजे न गेलेली पत्रं. मे २००५. अक्काला लिहिलेलं. सोबत चार फोटो.

हे प्रकरण आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, फक्त अर्धंच माहीत होतं. जून २००५ ला भाचीचं लग्न होतं, पुण्यात. अक्काला आहेरात द्यायला दीडशे चादरी हव्या होत्या, सोलापूरच्या, माझ्या हातनं घेतलेल्या. मस्कतहून फोन करून म्हणाली, डिझाइन बघितल्याशिवाय नको, फोटो मेल कर. मी कारखान्यातून कॅमेरा मागून आणला. मयूरपंख, चौकडा, आणि दोन फुलांची. अंगणात दोरीवर टाकून फोटो काढले, खाली भाव लिहिला आणि पाठवायला लावले. एकेक फोटो दीड एमबीचा, म्हणजे त्या लाइनवर पाऊण तासाची निश्चिंती. खिडकीत ‘काम झालं की फोन ठेव’ अशी चौकट असायची, तिच्यावर टिक केली आणि जेवायला गेलो. परत आलो तर फोन ठेवलेला. मी म्हटलं, गेलं.

गेलं नव्हतं. मध्येच लाइन तुटली असणार. आईनं स्वयंपाकघरातला पॅरलल फोन उचलला असेल. आता आई नाही, विचारणार कुणाला. त्याच संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, फोनच्या तारेतून वीज उतरली, मोडेम आणि मदरबोर्ड दोन्ही जळाले. दुकानदारानं डिस्क काढून हातात दिली, मी ती टॉवेलात गुंडाळली, वर ‘टाकू नये’ लिहिलं, आणि पुढं नवा कॉम्प्युटर आल्यावर विसरलो.

मी उत्तराची वाट बघितली. तिनं फोटोची. मी म्हटलं, मस्कतला राहून हिला आपली चादर हलकी वाटायला लागली असेल. तिनं म्हटलं असणार, सख्ख्या भावाला चार फोटो पाठवता आले नाहीत. फोन दोघांनीही केला नाही, कारण पाळी दुसऱ्याची होती. लग्नात आहेर म्हणून स्टीलचे डबे वाटले. एक मलाही मिळाला. तो अजून आहे, आम्ही त्यात शेंगाची चटणी ठेवतो.

तसं बोलणं कधी थांबलं नाही. अक्का आता पुण्यातच असते, मी गेलो की हुरडा, भाकरी, सगळं करते. फक्त रात्री पांघरायला मला पानिपतचं ब्लँकेट देते. ते अंगावर घेताना दरवेळी कळतं, की हे मुद्दाम आहे.

मी स्क्रीनसमोर बराच वेळ बसलो. पत्र तसंच पुढे पाठवावं म्हटलं, तर तिचा तो पत्ताच आता चालू नाही, आणि हल्ली ती फक्त व्हॉट्सअ‍ॅप बघते. शेवटी मोबाइलनं त्या स्क्रीनचाच फोटो काढला. तारीख दिसते, तिचं नाव दिसतं, दोरीवरची मयूरपंखसुद्धा जरा तिरकी दिसते. पाठवून दिला. खाली काय लिहावं सुचलं नाही म्हणून काहीच लिहिलं नाही.

एक टिक आली. अक्का दोन ते चार फोन बंद ठेवून झोपते.

एवढ्यात ही उठून आली, डोळे चोळत चहाचं भांडं शोधायला लागली. तिला सगळं सांगितलं. तिनं माझ्या हातातून मोबाइल घेतला, फोटो बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाली, ‘ओ, खालचा भाव झाकायचा नाही का? त्या भावात आता टॉवेल तरी येतोय का?’