व्हीव्हीएम चांगला, पण लस गोठलेली

लशीची काळजी म्हटली की सगळ्यांच्या डोक्यात उन्हाळा आणि गेलेली लाइट. पण पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), डीपीटी, टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस बी, पीसीव्ही (न्यूमोकोकल), आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन) या लसींचा खरा वैरी बर्फ आहे. हिपॅटायटिस बी तर उणे ०.५ अंशाच्या आसपासच गोठते. व्हीव्हीएम, म्हणजे कुपीवरची उष्णतेनं रंग बदलणारी वर्तुळ-चौकोनाची खूण, गोठल्याचं काही सांगत नाही, कारण तो फक्त उष्णता मोजतो. आतला चौकोन पांढराशुभ्र दिसत असतानाही लस वाया गेलेली असू शकते.

आयपीव्ही सोडली तर यातल्या बहुतेक लसींत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. त्यांच्या बारीक कणांना लशीचा मुख्य घटक चिकटलेला असतो. पाणी गोठताना हे कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचे गठ्ठे होतात. बर्फ वितळला तरी ते सुटत नाहीत. अशा लशीची ताकद घटते, शिवाय टोचल्या जागी गाठ येण्याची शक्यता वाढते.

आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, तळ सर्वांत थंड. म्हणून गोठणाऱ्या लसी वरच्या बास्केटमध्ये, भिंतीला न टेकवता ठेवायच्या. पोलिओचे थेंब, बीसीजी, एमआर (गोवर-रुबेला) खाली गेले तरी चालतं. बास्केट नसेल तर तळाशी रिकाम्या आइसपॅकचे दोन थर आडवे घालून त्यावर खोकी ठेवा. थर्मामीटर या लसींच्या मधोमध हवा. तळाशी पडलेल्या थर्मामीटरच्या नोंदीवरून बास्केटमधली परिस्थिती कळत नाही. डायल्युएंटही (लशीची पूड विरघळवायचं द्रव) गोठू द्यायचं नाही, काचेला तडा जातो.

थर्मोस्टॅटवरचे आकडे म्हणजे अंश नव्हेत. उन्हाळ्यात वाढवलेली सेटिंग डिसेंबरात तशीच राहिली, तर पहाटे आतलं तापमान शून्याखाली उतरू शकतं. लाइट आल्यावर ‘जरा लवकर गार होऊ दे’ म्हणून नॉब फिरवणं तर सरळ घातक. सकाळ-संध्याकाळची नोंद २ ते ८ अंशांत बसली म्हणून निर्धास्त राहू नका. मधल्या रात्री काय झालं ते डेटा लॉगरच (तापमान सतत नोंदवणारं यंत्र) सांगतो.

एवढं सांभाळूनही लस गोठते ती बहुधा लसीकरण सत्राच्या सकाळी, घाईमुळे. डीप फ्रीझरमधला आइसपॅक उणे १५ ते २५ अंशांचा असतो. तो थेट कॅरियरमध्ये (लस नेण्याच्या थंड पेटीत) गेला की त्याला टेकलेली कुपी गोठू शकते. पॅक टेबलावर एका ओळीत, प्रत्येकाभोवती ५ सेंमी जागा सोडून मांडा. आतला बर्फ सुटायला उन्हाळ्यात ३० ते ४५ मिनिटं लागतात, पण २० अंशांच्या खोलीत दीड ते दोन तास. बाहेरून घाम फुटला एवढ्यावर भागत नाही. प्रत्येक पॅक कानाशी धरून हलवा, आत पाणी खळखळलं तरच कॅरियरमध्ये. मग चार बाजूंना चार पॅक, मध्ये झिपच्या पिशवीत लस.

संशय आला तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी घ्या, तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नये’ लिहा आणि डीप फ्रीझरमध्ये रात्रभर, किमान १० तास, दगडासारखी घट्ट होऊ द्या. मग आपोआप वितळू द्या. गरम पाण्यात बुडवायची नाही. ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवा, सपाट जागी शेजारी-शेजारी ठेवा आणि जास्तीत जास्त ३० मिनिटं पाहा. संशयित कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगानं बसला, तर ती लस बाद. तो हळू बसला, तर लस वापरता येते. एका बॅचचा निकाल दुसऱ्या बॅचला लावू नका, आणि डोळ्यांदेखत बर्फ झालेली कुपी टेस्ट न करताच टाकून द्या.

आयपीव्हीत असा गाळच नसतो, म्हणून तिथे ही टेस्ट काही सांगत नाही. ती गोठल्याचा संशय आला तर वापर थांबवून वरिष्ठांना कळवायचं.