तेरा सेकंदांचा ठोका

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीची २ एमबीची लीज्ड लाइन (फक्त त्यांच्यासाठी भाड्याने दिलेली डेटाची लाइन) तीन दिवस त्रास देत होती. बंद पडत नव्हती, पण पुण्याच्या ऑफिसला फाइल धड पोहोचत नव्हती. त्यात जुलैतला पाऊस. आमचे लाइनमन मामा म्हणाले, "जॉइंटला पाणी लागलंय, दुसरं काय न्हाई." मलाही पटलं. मामांनी गेटजवळ खणायला घेतलं आणि मी एक्स्चेंजला जाऊन टेस्टर लावला.

फौंड्रीच्या टोकाला लूप टाकला होता, म्हणजे गेलेला सिग्नल तिथूनच माघारी येणार. टेस्टर ३२,७६७ बिटांचा ठरलेला नमुना पुन्हापुन्हा सोडतो आणि परत आलेला नमुना स्वतःजवळच्याशी बिटाला बिट लावून बघतो. तासाभरात सुमारे ७३७ कोटी बिट फिरून आले. चूक शून्य. सिंकचा, म्हणजे नमुना जुळतोय हे सांगणारा हिरवा दिवा एकदाही हलला नाही. कटवडा खाऊन येऊन परत बघितलं, तरी शून्यच. पुण्याकडचा भाग आदल्या दिवशीच तपासलेला, तोही स्वच्छ.

लूप काढून राउटर परत जोडल्यावर पुण्याच्या मित्राला फोन लावला आणि तिकडच्या राउटरवरचा सीआरसी चुकांचा, म्हणजे बिघडून आलेल्या डेटाचा आकडा वाचत राहायला सांगितलं. "वाढला... हं, परत वाढला." मी मनगटावरचं घड्याळ बघत होतो. तेरा सेकंद. परत तेरा. पाणी लागलेली केबल अशी शिस्तीत चुकत नाही हो! ती कधी शंभर चुका एकदम देईल, कधी अर्धा तास गप्प बसेल.

तसाच फौंड्रीत गेलो. राउटर जोडलेलाच होता. लाइन न तोडता राउटरकडून निघणाऱ्या तारांच्या जोडीवर टेस्टर समांतर लावला. स्क्रीनवरचं पाणी शर्टाच्या बाहीने पुसलं आणि फ्रिक्वेन्सी बघितली: २०,४८,०२०. हवी २०,४८,०००. म्हणजे सेकंदाला २० बिट जादा. आमचा क्रॉस-कनेक्ट, म्हणजे लाइनी एकमेकींना जोडणारं यंत्र, नेटवर्कच्या घड्याळावर (बिटांचा वेग ठरवणाऱ्या ठोक्यावर) चालतो, हे जादा बिट तो बफरमध्ये साठवत राहतो, आणि एक फ्रेम, म्हणजे २५६ बिट साठले की ती अख्खी फ्रेम टाकून देतो. २५६ भागिले २०. पावणेतेरा सेकंद!

लूपमध्ये हे दिसणारच नव्हतं. राउटर बाजूला, टेस्टरचंच घड्याळ जाऊन परत येणार. चोर बाहेर आणि झडती घरात.

राउटर आठवड्यापूर्वी बदललेला, क्लॉक 'इंटर्नल'वर, म्हणजे स्वतःच्याच घड्याळावर. तिथल्या आयटीच्या पोराला 'लाइन'वर, म्हणजे लाइनवरून येणाऱ्या आमच्या घड्याळावर टाकायला सांगितलं. त्याने तोंड वाकडं केलं, पण केलं. स्क्रीनवर २०,४८,०००. पुण्याहून फोन: "थांबला की रे."

बाहेर आलो तर मामा कमरेएवढ्या खड्ड्यात. जॉइंट उघडा, आत ठणठणीत कोरडा. माझ्याकडे बघून म्हणाले, "सायेब, मग ह्यो बुजवायचा कुणी?"