शेवटची दहा मिनिटं

ठाण्यात तीन दिवस होतो आणि त्यातला निम्मा वेळ घोडबंदर रोडवर गेला. आक्का वाघबीळला राहते. स्टेशनवरून निघालं की माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, प्रत्येक सिग्नलला रिक्षावाला इंजिन बंद करून मान खाली घालून बसतो, वर मेट्रोचे खांब, बाजूला कंटेनर. आमच्या कोल्हापुरात एवढ्या वेळात माणूस पन्हाळ्याला जाऊन झुणका भाकरी खाऊन परत येतो. भाच्याचा साखरपुडा होता, छान झाला, जेवण उत्तम, दाजींनी भाषण केलं. त्याबद्दल एवढंच, कारण मला लिहायचंय ते शनिवारी रात्री बघितलेल्या पिक्चरबद्दल, म्हणजे खरं तर पिक्चर संपल्यानंतरबद्दल.

येताना महालक्ष्मी एक्सप्रेसने आलो, कल्याणला उतरून लोकल पकडली. पहाटेची गर्दी म्हणे कमी असते. ती कमी असेल तर जास्त मला बघायचीच नाही. दोन माणसांच्या बगलेत डोकं ठेवून उभं असताना आठवत होतं की १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथेच, ठाण्याला आली होती. आणि ल्युमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवला ७ जुलै १८९६ ला, ज्यात गाडी स्टेशनात येते असा एक तुकडा होता. म्हणजे ठाणेकर खरी गाडी ४३ वर्षं आधीपासून बघत होते, पडद्यावर गाडी अंगावर आली म्हणून ते काय दचकणार. असले विचार करत मुंब्रा गेलं, कळवा गेलं, आणि उतरायचं म्हणण्याआधीच लोकांनी मला उतरवलं.

तर पिक्चर. कुठल्याही गावाला गेलो की तिथे एक पिक्चर थिएटरात बघायचा हा माझा नेम आहे, बायको याला खूळ म्हणते. देवळं बघतो तसंच, आत जायचं, बसायचं, कोण कसं वागतंय बघायचं. भाचा म्हणाला मामा घरी एवढा मोठा टीव्ही आहे, सगळं येतं यावर. मी म्हटलं बाळा, टीव्हीवर पिक्चर मी बघतो, थिएटरात पिक्चर मला बघतो. त्याला ते कळलं नाही, खरं सांगायचं तर मलाही नीट कळलेलं नाही, पण बोलून गेलो. त्यानेच मोबाईलवर तिकीट काढून दिलं. मराठी पिक्चर, रात्री सव्वादहाचा एकच शो, त्याच मॉलमध्ये हिंदीचे दिवसाला नऊ. तिकिटावर सोयीचे म्हणून वेगळे पैसे लावले होते, माझी कसली सोय झाली ते शेवटपर्यंत समजलं नाही. आणि पॉपकॉर्नची बादली तिकिटापेक्षा महाग. नाव लिहीत नाही थिएटरचं, सगळीकडे तेच आहे.

खुर्ची मात्र बघण्यासारखी. बटण दाबलं की पाय वर, डोकं मागे, दंतवैद्याकडे असते तशी. पिक्चर बघायला माणूस ताठ बसलेला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. उमा, पद्मा, पार्वती, आमच्या या टॉकीजांत लाकडी खुर्च्यांवर ढेकूण चावत असताना जे पिक्चर बघितले ते मला फ्रेम टू फ्रेम आठवतात. इथे मी जरा आडवा झालो आणि तेवढ्यात राष्ट्रगीताची सूचना आली. उठायला गेलो तर खुर्ची तिच्या गतीने, सावकाश, घुंई करत खाली येणार, मी पाय अडकलेल्या झुरळासारखा. शेवटी बाजूने उडी मारली आणि चप्पल एकीकडे, मी एकीकडे असा सावधान उभा राहिलो.

सगळे मिळून अकरा जण होतो. पिक्चरचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे त्याच्या शेवटाबद्दल लिहिणार आहे आणि मला शिव्या खायच्या नाहीत. एक म्हातारी असते, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन गावोगाव फिरते, एवढं पुरे. पिक्चर धिमा होता. मला धिमे पिक्चर आवडतात, पण धिमा आणि गंभीर यात लोक घोळ घालतात. कॅमेरा दोन मिनिटं एका झाडावर ठेवला म्हणजे तुम्ही थोर झालात असं नसतं राव. आणि पाठीमागून व्हायोलिन वाजवून रड रड म्हणून सांगणारे पिक्चर तर माझ्या डोक्यातच जातात, यात ते नव्हतं हे नशीब.

मी पिक्चर शेवटावर तोलतो. नागराज मंजुळेचा 'फँड्री' मला का आवडतो, तर शेवटी त्यातल्या पोरानं, जब्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे येतो म्हणून. नागराजचा पुढचा, २०१६ चा 'सैराट', त्यातली गाणी अख्ख्या महाराष्ट्राने नाचून घेतली, पण मला त्यातला शेवटचा, आवाज पूर्ण बंद झालेला तुकडाच राहिलाय. चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' बघा, सगळा खटला झाल्यावर शेवटी न्यायाधीश सुट्टीत बागेत बाकावर झोपलाय, पोरं ओरडून उठवतात, तो एकाला चापट मारतो आणि परत झोपतो. बास. मी त्या रात्री जेवलो नव्हतो.

आणि शेवटाच्याही नंतर मी बसून राहतो, नावं वर सरकून पार संपेपर्यंत. याचं कारण आमचा काका. तो कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओत लायटिंगला होता, उन्हाळ्यात त्या दिव्यांखाली उभं राहून त्याचे हात कायमचे काळे पडलेले. तेव्हाच्या पिक्चरला नावं सुरुवातीलाच यायची, मोजकी, नट, गायक, संगीतकार, आणि शेवटी नुसतं 'समाप्त'. काकाचं नाव कधीच आलं नाही. आता पार ड्रायव्हर, स्पॉटदादा, जेवण कुणी पुरवलं, सगळं येतं, मग ते वाचायला कुणीतरी थांबायला नको का? म्हणून मी थांबतो. लाइटमन आले की तेवढी नावं मनात वाचतो.

तर नावं सुरू झाली आणि फाटकन सगळे दिवे लागले. पडद्यावरची अक्षरं पांढरीफट्ट, काही वाचता येईना. बाकीचे दहा जण केव्हाच मोबाईलच्या उजेडात पायऱ्या उतरून गेले होते. खाली दाराशी झाडू, सुपडी आणि काळी पिशवी घेऊन एक पोरगा उभा, असेल एकोणीस-वीसचा. म्हणाला, काका, संपलं. मी म्हटलं, संपलेलं नाही, नावं चालू आहेत. तो म्हणाला, नावंच आहेत. मला राग आला. चांगलाच आला, कारण दिवसभर घोडबंदरवर बसून माझी सहनशक्ती आधीच संपली होती. मी म्हटलं, मी उठणार नाही, तुला झाडायचं ते झाड. तो काही बोलला नाही, वरच्या रांगेपासून झाडायला लागला.

मग माझ्या रांगेत आला तेव्हा माझे पाय वर, तो खाली वाकलेला, मलाच कसंतरी वाटलं आणि मी बटण दाबून पाय खाली घेतले. ती खुर्ची परत घुंई करत सावकाश. तेवढ्यात त्यानं झाडू टेकवून विचारलं, "काका, एक सांगता का, त्या डब्यात काय हाय?"

मला कळेना. म्हटलं, तू बघितला नाहीस का पिक्चर? म्हणाला, "शेवटचे दहा मिनिटं बघतो ना रोज. पिक्चर संपायच्या आधी दाराशी येऊन थांबावं लागतं, मंग दिसतं तेवढं. आठ दिवस झाले ती म्हातारी डबा घेऊन स्टँडवर बसती अन् पिक्चर संपतो. मला वाटलं सोनं असंल. आमच्यातला एक म्हणतो राख हाय नवऱ्याची."

जालन्याकडचा पोरगा, कळव्यात चौघं मिळून खोली घेऊन राहतात. दीड वर्षं झाली इथे. दीड वर्षात त्यानं मराठी, हिंदी, इंग्लिश, साउथचे डब केलेले, सगळ्याचे शेवट बघितलेत आणि एकाचीही सुरुवात नाही. कोण मरतं, कोणाचं लग्न होतं, व्हिलनला कसं मारतात, सगळं माहीत. का मारतात ते माहीत नाही. मी म्हटलं तुला सुट्टीच्या दिवशी फुकट बघायला देत नाहीत का? तर हसला, म्हणाला सुट्टीच्या दिवशी इथं कोण येईल काका.

मी त्याला पिक्चर सांगितला. उभा राहून, पहिल्यापासून. म्हातारीचं घर, सून, तो डबा कुठून आला, त्यात काय आहे. तुम्हाला नाही सांगणार, तिकीट काढा. पाच-सात मिनिटं लागली असतील, पाठीमागे नावं सरकत होती, त्या दिवशी लाइटमन कोण होते ते मी बघितलंच नाही. पोरगा झाडू हनुवटीखाली धरून ऐकत होता. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "मग ती रडत कामून नाही?"

आता मी गेली तीस वर्षं पिक्चर बघतोय, त्यावर लिहितोय, फिल्म सोसायटीत चर्चा करतोय, आणि हा प्रश्न मला पडला नव्हता. मी आपलं काहीतरी बोललो की दुःख जास्त झालं की रडू येत नाही वगैरे. त्याला पटलं नाही. मलाही नाही.

मग तो खुलला. म्हणाला पिक्चर कसा आहे ते त्याला न बघता कळतं, बादल्यांवरून. "भारी असला ना, तर पॉपकॉर्न अर्धं तसंच राहतं, खायचं विसरतात लोकं. बोअर असला की बादलीच्या तळाचं मीठसुद्धा चाटून जातात." भुताच्या पिक्चरला सांडतं जास्त. लहान पोरांच्या पिक्चरला सगळ्यात वाईट, चीज वाळून बसतं, खरवडावं लागतं. या खुर्च्यांच्या फटीत मोबाईल सापडतात, एकदा एकच कानातलं सापडलं, ते काउंटरला दिलं, कुणी न्यायला आलं की नाही माहीत नाही. दोन शोच्या मध्ये पंधरा मिनिटं असतात, तेवढ्यात पूर्ण ऑडी, म्हणजे अख्खा हॉल, झाडून व्हायला लागते. मी विचारलं आजच्या बादल्या कशा? त्यानं पिशवीत बघितलं. "अकरा लोकांत दोनच बादल्या काका, काही सांगता येत नाही."

जाता जाता त्यानं विचारलं तुमचा आवडता पिक्चर कोणता. चारचौघांत मी 'कोर्ट' म्हणतो. त्याच्यापुढे तोंडातून 'अशी ही बनवाबनवी' आलं, १९८८ चा, आणि तेच खरं आहे, वर्षातून दोनदा तरी बघतो आणि कुणाला सांगत नाही. पोरगा म्हणाला, "तो पाह्यलाय की, टीव्हीवर. पण शेवट नाही पाह्यला, जाहिरातीच एवढ्या असतात की झोप लागती." म्हणजे आयुष्यात एका पिक्चरची सुरुवात बघितली आणि नेमका त्याचाच शेवट राहिला. मी हसायला लागलो, तोही. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शिट्टी मारली, तो चार नंबरच्या ऑडीला पळाला. नाव विचारायचं राहिलं. नावांसाठी थांबणारा मी.

रात्री साडेबारा-एकला घोडबंदर मोकळा असेल असं वाटलं होतं, तर तेव्हा मोठ्या गाड्या सोडतात. रिक्षा मानपाड्याला अडकली आणि मला तेव्हा आठवलं की अरे, त्याला गौरीबद्दल सांगायला पाहिजे होतं. प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम', १९३६, दामले-फत्तेलालांचा. पागनीस तुकाराम झाले आणि त्यांची बायको जिजाई झाली गौरी. ही बाई प्रभातमध्ये झाडलोट करायला होती, मग गर्दीतली कामं करायला लागली, आणि तिथून थेट जिजाई. तो पिक्चर व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला. लोक त्यात पागनीसांना बघतात, मी दर वेळी गौरीला बघतो. शेण लागलेले हात, तोंडाचा पट्टा, विठ्ठलालाच शिव्या. शेवटी तुकाराम गरुडावर बसून वैकुंठाला जातात आणि ती खालीच राहते, पोरांबरोबर. तिच्याएवढं खरं माणूस त्या अख्ख्या पिक्चरमध्ये दुसरं नाही. रिक्षावाल्याला सांगायला सुरुवात केली, तो म्हणाला साहेब, पुढे यू टर्न लांब आहे, इथेच उतरता का.

रविवारी स्टेशनजवळ मामलेदारची मिसळ खाल्ली. कोल्हापूरकर म्हणून नाक मुरडायला गेलो होतो, नाकातून पाणी घेऊन आलो. तरी मिसळीला स्लाइस ब्रेडच पाहिजे, पाव नाही, हे माझं मत कायम आहे. संध्याकाळी तलावपाळीला आक्का आणि दाजींबरोबर एक चक्कर, गर्दी, भेळ, घोडागाडी म्हणून हट्ट करणारी कुणाची तरी पोरगी. रात्रीची महालक्ष्मी.

घरी आल्यावर भाच्याला फोन केला, म्हटलं तू एकदा त्याच शोला जा, नावं संपेपर्यंत बस आणि त्या पोराला गौरीचं सांग. तो म्हणाला मामा, ओळखू कसा? म्हटलं, जो झाडू घेऊन येईल त्याला विचार डब्यात काय आहे, बरोबर सांगितलं तर तोच. भाचा हो म्हणाला, पण त्याच्या मागे ऑफिस, त्यात आता होणारी बायको. पुढच्या शनिवारी मेसेज आला, मामा, पिक्चर शुक्रवारी काढला, तिथे हिंदी लागलाय.

मी लिहिलं, हिंदीला जा मग, पोरगा तोच असेल. अजून निळी टिक आलेली नाही.