डावा पाय दुखत नाही का?

‘रोज मुलुंड ते बीकेसी, तेही गिअरच्या गाडीने? डावा पाय दुखत नाही का हो तुमचा?’ ऑफिसात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न मला कुठेही गाठतो. विचारणाऱ्यांमध्ये नुकतंच लायसन्स हातात आलेल्या मुली जास्त असतात. त्यांच्या मनात खरं तर पुढचा प्रश्न असतो: मुंबईत चालवायला गिअरची गाडी घ्यावी, की सरळ ऑटोमॅटिक? तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

पाय दुखत नाही, कारण तो फार वेळ क्लचवर नसतोच.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. प्रेशर प्लेट तिला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, दाबून धरते, तोवर इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल पूर्ण दाबलं की प्लेट सुटी होते, पूर्ण सोडलं की घट्ट बसते. या दोन्ही टोकांना प्लेट झिजत नाही. झिजते ती अधेमधे, म्हणजे गॅरेजवाले ज्याला हाफ क्लच म्हणतात तेव्हा. तिथे प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते, तापते, आणि जळका वास येतो. सिग्नलला पेडल पूर्ण दाबून उभं राहिलात तर प्लेट वाचते, पण सगळा भार पेडलच्या दाबाने प्लेट सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगवर आणि तुमच्या गुडघ्यावर येतो. म्हणून थांबायचं असेल तर न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा आणि पाय खाली ठेवा.

भांडुपच्या एका गॅरेजमध्ये मेकॅनिकने कोणाच्या तरी गाडीतून उतरवलेली प्लेट नव्या प्लेटशेजारी ठेवून दाखवली होती. नवीच्या अस्तरावरच्या खाचा खोल होत्या, बोट फिरवलं की लागायच्या. जुनीवर खाचा जवळजवळ उरल्याच नव्हत्या, रिव्हेटची डोकी वर आली होती. फ्लायव्हीलवर निळसर डाग पडले होते, ते उष्णतेचे. तो म्हणाला, ‘गाडी फार पळालीच नाहीये, मॅडम. प्लेट उभ्या-उभ्या जळलीय.’ आणि प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे मजुरीही चांगलीच लागते.

आता मुख्य गोष्ट. मुलुंडहून कुर्ल्याकडे जाणाऱ्या एलबीएस मार्गावर मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमधून गाड्या सरकत असतात तेव्हा बहुतेक लोक काय करतात? पुढची गाडी हातभर हलली की क्लच अर्धा सोडतात, हातभर पुढे जातात, ब्रेक मारतात. भांडुपपासून घाटकोपरपर्यंत हेच. पाय दुखणारच. मी पुढे फट पडू देते. दीड-दोन गाड्यांएवढी जागा झाली की पहिला गिअर टाकते, क्लच सावकाश पूर्ण सोडते आणि पाय बाजूला घेते. ॲक्सिलरेटरला हात, म्हणजे पाय, लावायची गरज नसते. सपाट रस्त्यावर आजची गाडी पहिल्या गिअरमध्ये नुसत्या आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन जेवढं फिरतं तेवढ्यावर, साधारण माणसाच्या चालीने, आपसूक पुढे जाते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या अशा वेळी धडधडून बंद पडायच्या. आताच्या इंजिनांत कॉम्प्युटर आयडलिंग सांभाळायला इंधन थोडं वाढवतो, म्हणून गाडी शांतपणे चालत राहते. पुढचा थांबला की आधी ब्रेक, आणि गाडी थांबायच्या जेमतेम आधी क्लच. शक्यतो थांबायची वेळच येत नाही, कारण मी त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर तो पुन्हा हललेला असतो.

इथे सगळे एकच हरकत घेतात: ‘अहो, फट ठेवली की रिक्षा घुसते!’ घुसते. घुसू द्या. ती रिक्षा थोड्या वेळाने पलीकडच्या लेनमध्ये निघून जाते, आणि तुमचं नुकसान होतं एका रिक्षाच्या लांबीएवढं. कुर्ल्याला पोचायला त्याने काही फरक पडत नाही. मी हे अगदी मनापासून सांगते, कारण या शहरात फट देणं म्हणजे हरणं असं लोकांनी धरून ठेवलंय, आणि त्यापायी स्वतःचा गुडघा, प्लेट आणि डोकं तिन्ही झिजवतात. शिवाय त्या फटीतून भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, शाळेची मुलं रस्ता ओलांडत असतात. बंपरला बंपर लावलेल्या गाड्यांच्या मधे अडकलेलं माणूस बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

फट राखण्याचा फायदा मागच्यांनाही होतो. जपानमधल्या संशोधकांनी एक प्रयोग केला होता, तो २००८ साली प्रसिद्ध झाला. २३० मीटर घेराच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, आणि सगळ्यांना साधारण ताशी ३० किलोमीटरने चालवायला सांगितलं. ना सिग्नल, ना खड्डा, ना अपघात. तरी थोड्या वेळात कोंडी तयार झाली, कारण कोणी जरा हळू झालं की मागचा त्याहून जास्त ब्रेक मारतो आणि ती लाट मागे मागे सरकत जाते. तुम्ही संथ, न थांबता सरकत राहिलात तर ती लाट तुमच्यापाशी थोडी तरी निवते. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

चढावर मात्र हिशोब बदलतो. सांताक्रुझ-चेंबूर लिंक रोडच्या पुलाच्या चढावर गाड्या थांबल्या की लोक क्लच आणि ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. प्लेट जाळायचा याहून सोपा मार्ग नाही. हँडब्रेक ओढा. पुढची गाडी हलली की पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, आणि क्लच हळूहळू वर आणा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचललं जातं. तिथे पाय स्थिर ठेवून हँडब्रेक सोडा. मागे बेस्टची बस अगदी चिकटून उभी असली तरी गाडी बोटभरही मागे जात नाही.

पावसाळ्यात दोन गोष्टी जपा. ओल्या चपलेने क्लच दाबू नका, पाय सटकतो. मी गाडीत कोरडे बूट ठेवते. आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी पाणी किती आहे ते कळत नसेल तर गाडी घालूच नका. घालावीच लागली तर पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर, मधे क्लच नाही. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्ट मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

या शहराने गिअरच्या गाड्या वर्षानुवर्षं चालवल्यात. प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यातल्या कितीतरी गाड्यांचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशीच असायचा. दिवसभर टॅक्सी हाकणारे ते चालक सिग्नल लागला की लगेच न्यूट्रल करायचे आणि पाय मोकळा करायचे, हे मी शेजारच्या सीटवर बसून पाहिलंय.

ऑटोमॅटिकचं म्हणाल तर, गुडघ्याचं दुखणं असेल तर खुशाल घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण स्वस्तातली म्हणून एएमटी, म्हणजे साध्याच गिअरबॉक्सचे गिअर यंत्र बदलतं अशी गाडी, घेणार असाल, तर एक लक्षात घ्या. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून आपल्याकडे आलेल्या या प्रकारात क्लच प्लेट असतेच, फक्त ती तुमच्या पायाऐवजी यंत्र दाबतं. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरलीत तर तीही तशीच जळते. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं काम तेल करतं, पण ती महाग पडते.

आणि ज्या शिकताय त्यांच्यासाठी: ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी बंद पडू नये म्हणून ‘क्लच दाबून ठेवा’ हेच कानावर पडतं, आणि ती सवय पुढे सुटत नाही. रविवारी पहाटे एखादा मोकळा, सपाट रस्ता गाठा. पहिला गिअर टाका, ॲक्सिलरेटरला स्पर्शही न करता क्लच पूर्ण वर येऊ द्या. गाडी थरथरली तर तिथेच क्षणभर थांबा, मग उरलेला सोडा. गाडी चालायला लागली की डावा पाय उचलून बाजूच्या फूटरेस्टवर ठेवा, आणि तिला तशीच पुढे जाऊ द्या. हे सहज जमेपर्यंत एलबीएसला जाऊ नका.