१:२० बूम ट्रक, प्रगती नोंद: बूम, जॅक आणि पहिला लोड चार्ट

मंडळी, बूम ट्रकचं, म्हणजे ट्रकवर बसवलेल्या क्रेनचं, रिमोटवर चालणारं मॉडेल मी बनवतोय. मागच्या नोंदीत नुसती चेसिस होती. आता टर्नटेबल फिरतं, बूम (क्रेनचा लांब हात) वर-खाली होतो, जॅक (गाडी उलटू नये म्हणून बाजूला टेकवायचे पाय) बाहेर येतात आणि गाडी वजन उचलते. रंग अजून नाही, त्यामुळे फोटोत ती भंगारातून आणल्यासारखी दिसेल. चालवून घ्या.

हायड्रा, म्हणजे वजन उचलून चालत जाणारी छोटी क्रेन, का नाही केलीस, असं बऱ्याच जणांनी विचारलं. हायड्रा मलाही आवडते. कारखान्यात मशीन उतरवायचं असो नाहीतर विसर्जन घाटावर मोठी मूर्ती, फोन आधी हायड्रावाल्यालाच जातो. पण तिला जॅक नाहीत. वजन लटकवून चालत जायचं हेच तिचं काम. वळण मागच्या चाकांवर आणि बूम ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, म्हणून अनेक मोठ्या साइटवर जुन्या धाटणीची हायड्रा आता गेटातून आतच घेत नाहीत. पुढे केबिन असलेली मागतात. मला मात्र जॅकचंच गणित हाताने करून बघायचं होतं. मोठ्या ऑल-टेरेनचा (रस्त्यावर आणि खडबडीत जमिनीवरही चालणारी अनेक चाकांची क्रेन) मोहही झाला होता, पण लीभेरच्या एलटीएम ११२०० चा टेलिस्कोपिक बूम १०० मीटरचा आहे, म्हणजे १:२० मध्ये पाच मीटर. आमचा हॉल तेवढा नाही. क्रॉलरचा (रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी क्रेन) जाळीदार बूम सोल्डर करण्याइतका धीर माझ्यात नाही.

बूम ट्रकमध्येही दोन घराणी आहेत. एक कोपरातून दुमडणारा, केबिनमागे घडी होऊन बसणारा. या प्रकारची सुरुवात स्वीडनच्या हुडिक्सवालमध्ये १९४४ साली निघालेल्या हियाब कंपनीपासून सांगतात. दुसरा सरळ, टेलिस्कोपिक बूम आणि विंचवाला (दोरी गुंडाळणारा रीळ). मी सरळ घेतला. एकात एक सरकणाऱ्या चौकोनी पितळी नळ्या नागदेवी स्ट्रीटवर मिळाल्या, गिअर मोटर लॅमिंग्टन रोडवर. दुमडणाऱ्याला दोन सिलिंडर आणि वर लिंकेज लागतं. तो पुढच्या गाडीला.

आता वजनं. मॉडेल विसावा हिस्सा असलं तरी वजन विसावा हिस्सा होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही विसाने घटतात, म्हणून वजन ८००० ने घटतं. खरा एक टन इथे १२५ ग्रॅम. रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) बदलायला बूम ट्रक येतो तेव्हा हुकाला साधारण टनभराचं धूड असतं, म्हणून चाचणीचं वजनही छोटं रोहित्रच केलं: प्लास्टिकची डबी, आत नट-बोल्ट, किचनच्या काट्यावर बरोबर १२५ ग्रॅम. दोन टनांसाठी तशाच दोन डब्या.

बूम उचलायला आधी इंजेक्शनच्या सिरिंज लावून पाहणार होतो, स्वस्त पडतात. पण नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी वजनाखाली बूम हळूहळू बसत जातो. खऱ्या सिलिंडरला होल्डिंग व्हॉल्व्ह असतो. होज फुटला तरी तेल अडतं आणि बूम जागच्या जागी राहतो. हे काम माझ्याकडे सिलिंडरच्या जागी लावलेला लीड स्क्रू (मोटरने फिरणारा आट्यांचा दांडा) करतो, मोटर बंद झाली की आटा उलटा फिरत नाही. जोर किती लागेल? बूम आडवा, हुक ४० सें.मी.वर (खरे ८ मीटर), वजन २५० ग्रॅम. बूम स्वतः २०० ग्रॅमचा, त्याचा भार मध्यावर धरला. सिलिंडरचा हात बूमच्या बिजागरीच्या पिनपासून फक्त ४ सें.मी. म्हणजे २५० × ४० अधिक २०० × २०, भागिले ४. साडेतीन किलो! पाव किलो उचलायला. खऱ्या बूमखालचा सिलिंडर एवढा जाड का असतो ते इथे कळतं.

आणि जॅक. बूम सोडून गाडी ११०० ग्रॅम. बूम बाजूला वळवला की गाडी त्या बाजूच्या जॅकच्या रेषेवर उलटू पाहते. जॅक मिटलेले असताना ती रेषा मध्यापासून सव्वासहा सें.मी.वर आहे आणि हिशेबाने ४० सें.मी.ला १२२ ग्रॅम झेपतात. एक रोहित्रही नाही. पूर्ण उघडले की रेषा १० सें.मी.वर जाते आणि उचल होते ३०० ग्रॅम. जॅक पावणेचार सें.मी. बाहेर आले, उचल जवळजवळ अडीचपट झाली, कारण गाडीचा हात वाढला तेवढाच वजनाचा हात कमी झाला. जागा नाही म्हणून एका बाजूचे जॅक अर्धेच उघडून काम उरकणारे रस्त्यावर दिसतात. त्यांना ही आकडेमोड दाखवावीशी वाटते.

प्रत्यक्ष चाचणीत उलट्या बाजूच्या जॅकच्या पॅडखाली कागदाची चिटोरी सरकवली आणि डबीत वायसर टाकत गेलो. गाडी उचललेली डोळ्याला दिसण्याच्या बरंच आधी चिटोरी ओढली की अलगद निघते. तोच क्षण मर्यादा धरला. ३०० नाही, २८० च्या आसपास सुटली. जॅकचे पाय भाराखाली किंचित वाकतात, पॅड आत येतो, तिथेच फरक पडतो.

अमेरिकी पद्धतीत आउटरिगरवरच्या, म्हणजे जॅकवर उभ्या, मोबाइल क्रेनला उलटण्याच्या मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंतच रेटिंग देतात, क्रॉलरला ७५. मी ८५ धरले: २३८ ग्रॅम, म्हणजे १.९ टन. लोड चार्टवर, म्हणजे किती अंतरावर किती उचलायचं त्या तक्त्यावर, ८ मीटरला १.८ टन लिहिलं. हुक ब्लॉक (हुकाची कप्पी) आणि स्लिंगचं (वजन बांधायचा पट्टा) वजनही त्यातूनच वजा जातं, हे चार्ट वाचताना हमखास विसरलं जातं. केबिनवरून पुढे उचलायला पुढचा जॅक नाही, म्हणून तो कोपरा चार्टवर लाल.

रिमोटच्या विंच बटणांवर 'हबेस' (वर घे) आणि 'आर्या' (खाली सोड) हे खलाशांचे शब्द लिहिलेत. भाचा खलाशी होऊन इशारे देतो आणि मामालाच ओरडतो.

बाकी: आइसक्रीमच्या काड्यांचे स्लीपर (जॅकखाली ठेवायचे लाकडी ठोकळे) पॅडखाली, चार पदरी हुक ब्लॉक (भार चौथाई, वेगही चौथाई) आणि ५ व ६ मीटरच्या चाचण्या. चार पदरांसाठी दोरी कोणती वापरता? माझी मासेमारीची विणलेली दोरी दोन पदरांतच पीळ खाते आणि हुक गरगर फिरतो.