नाव होते, आडनाव नव्हते

काकांनी दिलेल्या पेन ड्राइव्हवरची वंशावळीची फाइल आज दुपारपर्यंत उघडेना, कारण नाव बदलताना कोणीतरी तिचे एक्स्टेन्शनच, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारे, फाइलचा प्रकार सांगणारे ‘आडनाव’च, पुसून टाकले होते. शेवटी ती नोटपॅडमध्ये उघडली (तेथे चुकूनही सेव्ह करू नये), तेव्हा अगम्य चिन्हांच्या गर्दीत अगदी सुरुवातीला ‘पीके’ ही दोन रोमन अक्षरे दिसली. ही झिप फाइलची (अनेक फाइली आकुंचित करून एकत्र बांधलेल्या गाठोड्याची) खूण असून, १९८९ साली हा प्रकार आणणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरे आहेत. झिप म्हणून उघडल्यावर आत ‘वर्ड’ नावाचे फोल्डर सापडले, आणि मग उलगडा झाला, कारण वर्डची ‘डॉकएक्स’ फाइल मुळात झिपच असते. नावापुढे ते आडनाव जोडताच वंशावळ उघडली. मात्र मजकूर युनिकोड या अक्षरांच्या सर्वमान्य संकेतपद्धतीआधीच्या जुन्या फॉन्टमधला असल्याने पणजोबांचे नाव अजून वाचता आलेले नाही.