हॅपी कोड देऊ नका! मेटलसाठी हेडफोन आणि अँप घेतानाचा माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगून टाकतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने कितीही गोड बोलून मागितला तरी मोबाईलवर आलेला तो हॅपी कोड (दुरुस्ती झाली, ग्राहक समाधानी असं मानून तक्रार बंद करायचा कोड), वस्तू हातात येऊन घरी जोडून नीट चालेपर्यंत द्यायचा नाही. मी दिला. त्या चार आकड्यांपायी माझं गणपती ते दिवाळी वाया गेलं.

हेवी मेटल संगीत मी कॉलेजपासून ऐकतोय. तेव्हा फुटपाथवरचे इयरफोन होते, मग नोकरी लागल्यावर दुकानदाराने गळ्यात मारलेला एक 'एक्स्ट्रा बास' हेडफोन घेतला आणि बरीच वर्षं माझी समजूत होती की डेथ मेटल असंच ऐकू येतं, पिठाच्या गिरणीसारखं. आता विचार करा, मिनिटाला २०० बीटचं गाणं, एका बीटला डबल बासचे (दोन्ही पायांनी वाजवायच्या किक ड्रमचे) चार ठोके, म्हणजे सेकंदाला तेरा ठोके पडतात. बास फुगवलेला हेडफोन असला की एक ठोका विरायच्या आत पुढचा येतो आणि सगळ्याची घरघर होते. शिवाय मेटलमध्ये किकचा जो 'टक' आवाज असतो ना, तो बासमध्ये नसतोच, तो वर दोन ते पाच हजार हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे जास्त बास हवा म्हणून मी पैसे मोजत होतो आणि त्याच बासाखाली ड्रम गाडले जात होते. हे कळायला मला पस्तिशी गाठावी लागली.

हेडफोन निवडायला फार त्रास झाला नाही कारण ऑफिसातल्या दोघांकडे आणि मामेभावाकडे मिळून तीन चांगले हेडफोन होते, आठवडाभर घरी आणून ऐकले. ग्राडो एसआर६०, ब्रुकलिनमध्ये बनतो, दिसायला १९५० सालातल्या रेडिओ ऑपरेटरचा वाटतो, पण थ्रॅश मेटल ऐकायला कहर आहे, गिटारची करवत अगदी कानाशी. फक्त अर्ध्या तासात कान दुखायला लागतात आणि खालचा बास जेमतेम. मग बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो, २५० ओमवाला (ओम म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध). बास मस्त, पण वर आठ हजार हर्ट्झच्या आसपास असा चढलेला की झांजा सुरू झाल्या की डोळे मिटतात. जुन्या ब्लॅक मेटलचं रेकॉर्डिंग आधीच किरकिरं, त्यात हा म्हणजे पत्र्यावर गारा. (विंडोजवर इक्वलायझर एपीओ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तेवढा भाग तीन-चार डेसिबल खाली आणला तर हाच हेडफोन एकदम माणसात येतो. तुमच्याकडे असला तर विकू नका, आधी हे करा.) तिसरा सेनहायझर एचडी ६५०. २००३ पासून बाजारात आहे, ३०० ओम, अगदी तळाचा बास कमी आहे, पण गिटारची भिंत, गुरगुरणारा गायक आणि मागचा बेस गिटार तिन्ही वेगवेगळे ऐकू येतात आणि दोन तासांनी डोकं दुखत नाही. मला तेच हवं होतं. सेकंडहँड मिळाला, घेतला.

एक तंबी मात्र द्यायची राहिली, हे तिन्ही ओपन आहेत, म्हणजे कप मागून उघडे, बाहेरच्याला सगळं ऐकू जातं. आई पहिल्या रात्री दारात येऊन विचारून गेली, "कुणी आजारी आहे का रे?" एकाच खोलीत दोघं झोपत असाल तर बंद कपवाला घ्या, डीटी ७७० वगैरे.

आता अँप, म्हणजे हेडफोनला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर. ज्याला विचाराल तो म्हणतो ३०० ओम आहे ना, मग अँप पाहिजेच. मीही गेलो बळी. आज हिशोब मांडतो तेव्हा हसू येतं. कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे एचडी ६५० ला १ व्होल्ट दिला की १०३ डेसिबल आवाज निघतो, आणि फोनला हेडफोन जोडायचा साधा चांगला डोंगलसुद्धा १ व्होल्ट देतो. भीमपलासीचा विलंबित ख्याल ऐकत असाल तर रेकॉर्डिंगचा सरासरी आवाज खूप खाली असतो, तुम्ही नॉब वाढवता आणि मग सम जोरात आली की अँपचा दम लागतो. मेटलचं आजकालचं रेकॉर्डिंग आधीच दाबून दाबून वरच्या रेषेला चिकटवलेलं असतं, सगळंच सारखं मोठं. म्हणजे मेटलला उलट कमी ताकदीचा अँप पुरतो! मेटालिका या बँडचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम इतका दाबलाय की तो कुठल्याही अँपवर फाटतो, तेव्हा लोकांना त्याच गाण्यांची व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त स्वच्छ वाटली होती. आणि त्यांच्याच १९८८ च्या अल्बममध्ये बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, तो लाखाचा हेडफोन घेऊनही सापडणार नाही कारण मिक्समध्येच नाही. हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर अकरा हजार वाचले असते.

पण घेतला. छोटा काळा डबा, पुढे एक नॉब, मागे आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांच्या वायरीचं) इन आणि आरसीए आउट, भिंतीत लावायचा जाडजूड अ‍ॅडॅप्टर. कंपनीचं नाव लिहीत नाही. डेस्कटॉपमधून अँपला वायर, अँपच्या मागून एक वायर हॉलमधल्या बाबांच्या जुन्या होम थिएटरला, म्हणजे कधी स्पीकरवर ऐकायचं तर ऐकता येईल. चालू केला. आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच हंऽऽऽऽ.

म्हणजे अगदी एकसुरी तंबोरा. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, अकूस्टिक इंट्रोत, सगळीकडे. मला वाटलं पीस खराब आहे. आठ दिवस अजून थांबलो असतो, चार वायरी काढून बघितल्या असत्या तर हा लेख लिहायची वेळ आली नसती, पण आपल्याला दम कुठे असतो, दुसऱ्याच दिवशी हाफ डे टाकून सर्व्हिस सेंटर गाठलं.

टोकन घेतलं, पाऊण तास बसलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला बॉक्स? बॉक्स बायकोने रद्दीत दिला होता. बॉक्सशिवाय घेत नाही म्हणाला. मग मॅनेजर, मग बिलाची प्रिंट हवी, मोबाईलवरचं चालत नाही, म्हणून खाली जाऊन झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट, परत नवं टोकन. त्याने अँपला स्वतःच्या खिशातले इयरफोन लावले, एक हिंदी गाणं लावलं आणि म्हणाला, "साऊंड येतोय ना सर?" म्हटलं येतोय, पण हम येतो. "हम म्हणजे?" आता काय सांगू, भर काउंटरवर उभं राहून मी तोंडाने हंऽऽऽ करून दाखवलं. मिक्सर घेऊन आलेल्या काकू माझ्याकडे बघत होत्या.

मग जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीसाठी दिल्याची पावती. आणि खरी गंमत इथे आहे. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडासाठी चारच पर्याय. डेड, नो साऊंड, फिजिकल डॅमेज, अदर. अदर निवडलं तर वरून परवानगी लागते आणि ती देणारे साहेब रजेवर. म्हणून त्याने 'नो साऊंड' टाकलं. मी म्हटलं अरे पण साऊंड येतोय, तूच आत्ता ऐकलास. "सर ते फक्त एंट्रीसाठी आहे, इंजिनियर बघतील." मी सही केली. हीच माझी पहिली चूक. जॉबशीटवर तुमच्या शब्दांत तक्रार लिहून घ्या, पेनाने का होईना, आणि सोबत काय काय दिलं ते नंबरासकट लिहा. मी अ‍ॅडॅप्टर दिला होता, शीटवर नुसतं 'अँप १' होतं.

तीन आठवडे 'पार्ट पेंडिंग'. कुठला पार्ट, कुणालाच माहीत नाही. फोन केला की एक मॅडम दर वेळी नाव, नंबर, पिनकोड पहिल्यापासून विचारणार. गणपती आले, गेले. विसर्जनाच्या दिवशी मी लक्ष्मी रोडला गर्दीत उभा, ढोल कानात, आणि त्यांचा फोन. "सर तुमचा सेट ओके झालाय, कोड सांगा म्हणजे पाठवतो." मला अर्धंच ऐकू आलं, आनंद झाला, कोड सांगितला. दोन दिवसांनी आणायला गेलो तर सेट नाही. तो मुंबईच्या हबला आहे म्हणे. आणि कॉम्प्युटर सांगतोय 'डिलिव्हर्ड, ग्राहक समाधानी'. समाधानी! तक्रार बंद झालेली असल्यामुळे आता कॉल सेंटरच्या मॅडमनाही काही दिसेना. "सर तुमची कुठलीच कम्प्लेंट ओपन नाहीये." चार वेळा चकरा मारल्या, एकदा आवाज चढवला (उपयोग शून्य, पण बरं वाटलं), दसरा गेला, आणि दिवाळीच्या दहा दिवस आधी अँप आला. सोबत चिठ्ठी, 'नो फॉल्ट फाउंड, साऊंड ओके'. अर्थातच. नो साऊंड लिहिलं होतं, त्यांनी साऊंड ऐकला, संपलं.

घरी येऊन जोडला. लाईट लागली, आवाज नाही. आता मात्र खरंच नो साऊंड!

नीट बघितलं तर अ‍ॅडॅप्टर माझा नाहीच. माझा जड होता, हा हलका, पिन तीच. यावर लिहिलेलं १२ व्होल्ट डीसी. अँपच्या पोटावर १५ व्होल्ट आणि पुढे छोटी लहर. ही लहर म्हणजे एसी, सरळ रेघेखाली तुटक रेघ असली तर डीसी, एवढं तरी प्रत्येकाने पाठ करावं. या छोट्या अँपांपैकी बरेच एसी आत घेतात आणि त्यातून प्लस आणि मायनस असे दोन्ही व्होल्टेज बनवतात, डीसी दिला की त्यातलं एकच बनतं. जळला नाही हे नशीब. परत फोन, तर उत्तर काय, अ‍ॅडॅप्टर ही अ‍ॅक्सेसरी आहे, वॉरंटीत येत नाही, आणि तुमच्या जॉबशीटवर अ‍ॅडॅप्टरचा उल्लेख नाही. मी फोन ठेवला. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो, एका काकांना अँपची पिन आणि आकडे दाखवले, त्यांनी एकही प्रश्न न विचारता ट्रान्सफॉर्मर डब्यात बसवून पिन लावून दिली. वीस मिनिटं. अडीच महिन्यांत मला भेटलेला पहिला माणूस ज्याला एसी आणि डीसीमधला फरक माहीत होता.

आणि घरी लावल्यावर? हंऽऽऽ. जसाच्या तसा.

सुटका केली ती आईने. दिवाळीची साफसफाई, टीव्हीचं युनिट पुढे ओढलेलं, केबलवाल्याची जाड वायर सेट टॉप बॉक्समधून काढून बाजूला ठेवलेली. मी आत सहज हेडफोन घातला आणि पूर्ण शांतता. इतकी की अँप बंद आहे असं वाटलं. बाहेर जाऊन वायर लावली, हम. काढली, गायब. आईला वाटलं पोराला काहीतरी झालंय.

मग ओळखीच्या वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी टेस्ट लॅम्प कॉम्प्युटरच्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थिंगमध्ये धरला, बल्ब पेटलाच नाही. बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर मागे नुसती लोंबत होती. आता आठवतं, कॅबिनेटला अनवाणी हात लावला की झिणझिण व्हायचं, आम्ही सगळे वर्षानुवर्षं चप्पल घालून कॉम्प्युटर चालू करायचो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. कॅबिनेटमधल्या त्या बारीक गळतीच्या करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो माझ्या ऑडिओ केबलमधून अँपमध्ये, तिथून होम थिएटर, तिथून सेट टॉप बॉक्स आणि केबलवाल्याच्या वायरीतून बाहेर जात होता, आणि जाता जाता कानात गात होता. दादांनी वायर जोडली, दोनशे रुपये घेतले. उरलासुरला हम होम थिएटरची वायर काढल्यावर गेला. ती वायर मी परत लावलेली नाही.

म्हणजे अँप पहिल्यापासून चांगला होता, मान्य. पण काउंटरवर एकाने जरी विचारलं असतं की याला घरी अजून काय काय जोडलंय, तरी मी घरी परत आलो असतो. म्हणून तुम्हाला हम आला तर आधी लॅपटॉप चार्जरशिवाय, नुसत्या बॅटरीवर अँपला लावून बघा, बाकीच्या सगळ्या वायरी काढून. हम गेला तर दोष घरात आहे, सेंटरला जाऊ नका.

अजून एक राहिलं, अँपला गेनचं (आवाज किती पटीने वाढवायचा त्याचं) बटण असलं तर ते लो वर ठेवा. हाय वर ठेवलं की नॉब घड्याळाच्या काट्यासारखा बघितला तर आठ वाजताच्या खाली राहतो आणि तिथे स्वस्त नॉबांमध्ये डावा-उजवा आवाज सारखा नसतो, मला दोन दिवस वाटत होतं डावा कान गेला. आणि हेडफोन ऐकायला जाताना गाणी आपली न्या, दुकानदाराच्या डेमोवर सगळेच छान वाजतात. सात-आठ तारांच्या गिटारवालं एखादं न्या, आठ तारांच्या गिटारची जाड तार ४६ हर्ट्झला जाते, तिथे बेस गिटार तिच्यापासून वेगळा ऐकू आला तर समजा जमलं.

एचडी ६५० सेकंडहँड घेणार असाल तर कानाचे पॅड दाबून बघा, चपटे झाले की आवाज बदलतो. माझ्याचे झालेत, नवे मागवलेत, अजून आलेले नाहीत. कुरिअरवाल्याने कोड मागितलाय, पॅड हातात आल्यावर देईन म्हटलं.